बालपरवेशी ते पेन्शन : मागे राहिलेल्यांचा इतिहास

मालाड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून मार्वे रस्त्याला लागले, की मालवणीची दाट वस्ती ओलांडल्यावर हवेत खाडीचा खारटपणा येऊ लागतो. पुढे मनोरीकडे जाणाऱ्या बोटीचा धक्का आहे. त्याच परिसरात नौदलाच्या ‘आयएनएस हमला’ ह्या तळाची भिंत लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौकांच्या प्रशिक्षणाशी ह्या नावाचा संबंध होता, आणि म्हणूनच ते असे आक्रमक आहे. पुढे मात्र तेथे जे शिकवले जाऊ लागले ते अगदी निराळे होते : रसद, भांडार, पगार, हिशेब आणि पत्रव्यवहार. नौदलात कारकुनी सांभाळणाऱ्या खलाशांच्या शाखेला ‘रायटर’ म्हणत असत. साहित्याच्या अभ्यासकाला ह्या शब्दाची गंमत वाटावी. परंतु खलाशी समुद्रावर गेला आणि परतला नाही, म्हणजे त्याच्या घरच्यांचे पुढचे आयुष्य ज्या कागदांवर ठरते ते कागद अशा लेखकांच्याच हातून जातात, हे ध्यानात आल्यावर ती गंमत ओसरते.

आपल्याकडे युद्धाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पोवाडे झाले, बखरी झाल्या, कादंबऱ्या झाल्या. ह्या लेखनात वीर पडतो आणि तेथे प्रकरण संपते. पडलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, हा प्रश्न वाङ्मयाने बहुधा दप्तराकडे सोपवला. म्हणून ह्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर दप्तराचीच भाषा वाचावी लागते. त्या भाषेतले काही शब्द घेऊन हा इतिहास मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

पहिला शब्द ‘बालपरवेशी’. ‘परवरिश’ ह्या फारसी शब्दाचे हे मराठी रूप. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारने करून दिलेली तरतूद, असा त्याचा अर्थ. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. तीत १६५९ मधल्या अफझलखान-प्रकरणानंतरची व्यवस्था नोंदलेली आहे. पडलेल्यांच्या मुलांना सरकारने चालवावे, ज्यांना पुत्र नाहीत त्यांच्या बायकांना निमे वेतन द्यावे, जखमींना जखम पाहून होन द्यावेत, असा तिचा आशय आहे. खानाच्या वधाचे वर्णन आपल्याला तोंडपाठ असते, ही दोन-तीन वाक्ये मात्र सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. वास्तविक राज्य म्हणजे काय, हे वाघनखांच्या प्रसंगाहून ह्या वाक्यांतून अधिक कळते. पडलेल्या माणसाशी झालेला करार त्याच्या मरणाने संपत नाही, हे तत्त्व त्यांत मान्य झाले आहे.

परंतु त्या तरतुदीची रचनाही नीट पाहिली पाहिजे. तिच्या केंद्रस्थानी पुत्र आहे. पुत्र असेल तर बापाची जागा त्याच्याकडे चालते. पत्नीचा स्वतंत्र हक्क उद्भवतो तो पुत्राच्या अभावी, आणि तोही निम्म्याने. शब्दातच ‘बाल’ आहे, ‘पत्नी’ नाही. हे सतराव्या शतकाला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. जगात अन्यत्रही तेव्हा सैनिकाच्या विधवेची निश्चित तरतूद विरळाच होती. सांगायचे ते एवढेच, की मदत कोणाला द्यायची हा प्रश्न ‘घर म्हणजे कोण’ ह्या प्रश्नाशी पहिल्यापासून बांधलेला आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे : माणूस मेला हे ठरवायचे कोणी? १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर असंख्य माणसे नाहीशी झाली. कोण पडले, कोण कैद झाले, कोण वाट चुकले, हे कळायला महिने लागले, आणि काहींचे कधीच कळले नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचे मरण मानलेच नाही. १७८३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या. ह्याच अनिश्चिततेच्या फटीतून भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड होईपर्यंत पेशवाई हादरत राहिली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ ह्या नाटकासाठी हाच विषय घेतला. नाटकाला राजकारण हवे असते, ते ह्या कथेत आहेच. पण कथेच्या तळाशी एका स्त्रीची अवस्था आहे : ती सधवा की विधवा, हे तिच्या वतीने दुसरेच कोणी ठरवू पाहत होते.

ही अवस्था अठराव्या शतकाबरोबर संपली असे समजण्याचे कारण नाही. १९७१ च्या डिसेंबरात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानच्या हद्दीत पडले. युद्धात बेपत्ता झालेल्या ज्या चौपन्न सैनिकांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे संसदेत आणि वृत्तपत्रांत गाजत राहिला, त्यांत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पतीच्या शोधासाठी दशकानुदशके सरकारचे दरवाजे ठोठावले. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहायला गेले, पण हाती काही लागले नाही. कायद्याच्या दृष्टीने, सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत असे गृहीत धरता येते. मनाच्या दृष्टीने सात वर्षांचा असा काही नियम नाही. मृत्यू मान्य केल्याशिवाय मृत्यूचे लाभ मिळत नाहीत, आणि ते स्वीकारणे म्हणजे वाट पाहणे सोडल्याची सही करणे. ह्या पेचाला दप्तरात रकाना नाही.

त्याच युद्धात, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. समुद्राने देह परत दिले नाहीत. मुंबई हे पश्चिम ताफ्याचे घर, त्यामुळे ह्या बातमीचे पडसाद मुंबईतल्या नौदल वसाहतींतून उमटले. ह्या युद्धानंतर, १९७२ च्या फेब्रुवारीत, केंद्र सरकारने युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी उदार निवृत्तिवेतनाची योजना आणली. आजची ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ तिच्यातूनच आलेली आहे. तत्पूर्वी, १ जानेवारी १९६४ पासून, सर्वसाधारण कुटुंबनिवृत्तिवेतनाची पद्धत सुरू झालेली होती.

आजची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. सैनिकाच्या मृत्यूचे पाच वर्ग केलेले आहेत, आणि त्यांना ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरे आहेत. सेवेशी संबंध नसलेला मृत्यू ‘ए’मध्ये, सेवेमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार ‘बी’मध्ये, कर्तव्यावरचा अपघात ‘सी’मध्ये, दहशतवादी हल्ल्यासारखी हिंसा ‘डी’मध्ये, आणि शत्रूशी लढताना आलेला मृत्यू ‘ई’मध्ये. पहिल्या वर्गाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, ‘बी’ आणि ‘सी’ला ६० टक्के, आणि ‘डी’ व ‘ई’ला पूर्ण वेतनाइतके कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. ह्याखेरीज सानुग्रह रक्कम असते. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, ती युद्धात पडलेल्यासाठी १० लाख रुपये ठरली, आणि २०१६ पासून ४५ लाखांपर्यंत गेली. शिवाय सैनिकाने स्वतः वर्गणी भरलेल्या गटविम्याचे पैसे निराळे असतात.

सभासदाच्या ‘निमे वेतना’शी हे आकडे ताडून पाहण्याचा मोह होतो. तीनशे साठहून अधिक वर्षांपूर्वीचे पन्नास टक्के आजच्या तीस आणि साठ ह्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. अशी तुलना फार ताणू नये, कारण दोन्ही काळांतले वेतन, घर आणि राज्य वेगळे आहे. पण एक गोष्ट मात्र ती दाखवते. बखरीत विचारलेला प्रश्न ‘पुत्र आहे काय’ असा होता. आजचा पहिला प्रश्न ‘मृत्यू कोणत्या अक्षराचा’ असा आहे. घरात माणूस नाही ही वस्तुस्थिती सर्व वर्गांत सारखीच. तरीही चौकशी समितीने अहवालात लिहिलेले एक अक्षर घराच्या उत्पन्नाचा दर ठरवते. ‘रायटर’ ह्या शब्दाचे वजन येथे कळते.

आता तिसरा शब्द, ‘सानुग्रह’. अनुग्रह म्हणजे कृपा. देणारा वर, घेणारा खाली, असा त्याचा आविर्भाव. ह्या आविर्भावाला सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात मोठा छेद दिला. अर्जदारांत संरक्षण खात्यातून निवृत्त झालेली माणसे होती, आणि घटनापीठाचे प्रमुख यशवंतराव चंद्रचूड हे होते. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून तो हक्क आहे, असे ह्या निकालाने ठामपणे सांगितले. तरीही दप्तरातला ‘अनुग्रह’ गेला नाही. समारंभात तो शालीबरोबर आणि नारळाबरोबर दिसतोच. हक्काचा कागद टपालाने किंवा आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय प्रणालीतून येतो, आणि त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. अनुग्रहाचे मात्र छापले जाते.

चौथा शब्द ‘वीरपत्नी’. हा गौरवाचा शब्द आहे, आणि तो वापरणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण ह्या शब्दात ती स्त्री कायमची कोणाची तरी पत्नी राहते. जुन्या नियमांत हा अर्थ शब्दशः उतरलेला होता. विधवेने पुनर्विवाह केला तर तिचे विशेष कुटुंबनिवृत्तिवेतन थांबे. अपवाद एकच : तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर. उत्तरेकडे, जेथून सैन्यभरती मोठ्या प्रमाणावर होत असे, तेथे दिराशी पुनर्विवाहाची ‘करेवा’ची रूढी होती. नियमाचा साचा तेथला असावा असे दिसते. आपल्याकडे अनेक जातींत पाटाची चाल होती, तिचे संकेत निराळे होते. पण नियम सर्वांना एकच लागू झाला.

मराठी वाचकाला ह्यात एक जुना प्रतिध्वनी ऐकू यावा. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क काढून घेतला. विष्णुशास्त्री पंडितांपासून आगरकर-कर्व्यांपर्यंत ज्यांनी ह्या प्रश्नावर आयुष्ये वेचली, त्यांना रूढीचा विरोध दिसत होता. कायद्यातली ही कात्री रूढीइतकीच धारदार होती. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. सैनिकी निवृत्तिवेतनातली अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. पण शौर्यपदकाबरोबरच्या भत्त्याला जोडलेली, दिराशिवाय अन्य कोणाशी लग्न केल्यास भत्ता बंद, ही अट निघायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्यानंतर एकशे एकसष्ट वर्षांनी.

दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळणे अप्रामाणिक होईल. २०२४ मध्ये एका दिवंगत अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी ‘निकटतम नातेवाईक’ ह्या व्याख्येचा फेरविचार करावा अशी मागणी केली. सून निघून गेली, आमच्याकडे तसबीर तेवढी उरली, हा त्यांचा सूर होता. म्हातारपणी मुलगा गमावलेल्यांचे दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्यावर उपाय म्हणून तरुण विधवेला पुन्हा सासरच्या उंबऱ्याशी बांधले, तर आपण २०१७ च्या मागे जाऊ. राज्याला परवडत असेल तर त्याने आईवडिलांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. एकाचा हक्क कापून दुसऱ्याचे सांत्वन करू नये. बालपरवेशीत पुत्रामुळे पत्नी मागे पडली होती, तीच चूक उलट्या दिशेने करण्यात शहाणपण नाही.

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेऊन सैन्याचे प्रशिक्षण घेतले, आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या अधिकारी झाल्या. वृत्तपत्रांनी ही घटना पतीचा वारसा चालवणे म्हणून मांडली. ते खरेच आहे. पण तिचे आणखी एक वाचन शक्य आहे. सभासदाच्या काळी बापाची जागा पुत्राकडे चाले, येथे ती स्त्रीकडे आली, आणि तीही अनुकंपेने नव्हे तर परीक्षा देऊन. पुत्राच्या अभावी निमे वेतन घेणारी ती बखरीतली निनावी बाई आणि स्वतःच्या नावाने वेतन घेणारी ही अधिकारी, ह्यांच्यामधले अंतर हाच आपल्या विषयाचा खरा इतिहास आहे. अर्थात प्रत्येकीने गणवेश चढवावा अशी अपेक्षा करणे म्हणजे नवा जुलूम. कोणी शिक्षिका होईल, कोणी पुन्हा संसार मांडेल, कोणी पार्वतीबाईंसारखी वाट पाहत राहील. कोणत्याही निवडीसाठी तिला हक्काचा दंड भरावा लागू नये, एवढेच पुरे.

नौदलाच्या निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळणाऱ्या मुंबईतल्या कार्यालयाचा पत्ता वर्षानुवर्षे मानखुर्दजवळच्या ‘आयएनएस तानाजी’चा राहिला आहे. सिंहगडावर तानाजी पडल्यानंतर त्याच्या रायबाचे लग्न महाराजांनी लावून दिले, असे परंपरा सांगते. गड आला पण सिंह गेला, एवढ्यावर आपण थांबतो. परंपरा मात्र तेथे थांबत नाही, ती घरापर्यंत जाते. आपल्या इतिहासलेखनानेही कधीतरी तेथवर जायला हरकत नाही.