शटर उघडं, हक्क बंद!

पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपण कारखान्यातल्या कामगारावर बोलतो. पण पिंपरी कॅम्पातल्या कापड दुकानात आणि चाकणच्या मोबाईल शॉपीत दिवसभर उभ्या असलेल्या आपल्या पोरापोरींचं काय? त्यांची आठवड्याची सुट्टी आली कुठून आणि चालली कुठे?

सुरुवात आपल्याच मातीतली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव कन्हेरसर. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातलं. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. सुट्टी कुणी दान दिलेली नाही, ती लढून मिळाली.

पण ती गिरणीपुरती होती. दुकानातल्या नोकरासाठी मुंबई प्रांतात कायदा झाला १९३९ साली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी! १९४६ मध्ये मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणला. १९४८ साली दुकानांसाठी नवा कायदा आला. दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ कायद्यानं ठरवली, आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं सक्तीचं केलं.

या सक्तीचं मोल ओळखा. बंद शटर रस्त्यावरून दिसतं. बंदच्या दिवशी दुकान उघडं दिसलं की मालकाची चोरी उघड. त्यासाठी नोकरानं तोंड उघडायची गरज नव्हती.

१९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यानं हे चित्र पालटलं. दुकान वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं ठेवता येतं. सुट्टी आता दुकानाची नाही, कामगाराची. कागदावर ती आहे. २०१७ मध्ये दिवसाला ९ तासांची मर्यादा होती; आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट मजुरी, सगळं आहे. पण ती पाळली का, हे रजिस्टरमध्ये शोधावं लागतं. आणि रजिस्टर कुणाच्या हातात? मालकाच्या.

शिवाय २०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर मालकानं फक्त सूचना द्यायची होती. तासांची कलमं त्याला लागूच नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० वर नेण्याला आणि रोजचे ९ तास १० करण्याला मंजुरी दिली.

व्यापार वाढतो, रोजगार वाढतो, असं सांगतात. वाढू दे की! चोवीस तास दुकान चालवायचं तर पाळ्या लावा, माणसं वाढवा. एकाच पोराला सकाळी शटर उघडायला आणि रात्री ओढायला लावणं याला रोजगारवाढ म्हणत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: पहिल्या कामगारापासून कायदा लागू करा. तोवर दुकानातल्या प्रत्येक भावाबहिणीनं आपल्या येण्याजाण्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहावी आणि कामगार कार्यालयात एकट्यानं नव्हे, संघटित होऊन जावं. लोखंड्यांनीही सह्या गोळा करूनच सुरुवात केली होती.

जय भीम! जय जोती!