दिंडीच्या भांड्यांचा इतिहास



शंभर वर्षांच्या या पुस्तकात कोणी वीणेकऱ्यांवर लिहिलं, कोणी मुक्कामांवर, कोणी भिशीच्या हिशेबावर. आमच्या वाट्याला भांडी आली. आम्ही शेतकरी माणूस, शिक्षण चौथी, कीर्तन करतो ते थोरामोठ्यांच्या पायाशी बसून ऐकलेलं. तेव्हा भाषा साधी आहे, ती गोड मानून घ्यावी.

हा विषय निघाला त्याला कारण झालं. मठाच्या कोठीत आपल्या दिंडीची तांब्या-पितळेची लहानमोठी ४१ भांडी आहेत. शताब्दीच्या बैठकीत एक विचार असा आला की ही सगळी मोडीत घालावी, तांब्याला आज भाव चांगला आहे, त्या पैशात स्टीलची नवी भांडी आणि एक तंबू होईल. दुसरे म्हणाले, निदान आधी फोटो तरी काढून ठेवा. मग फोटो काढायचं आणि माहिती लिहायचं काम आमच्याकडं दिलं. निर्णय अजून व्हायचा आहे. तो करण्याआधी आपण काय मोडतोय हे सगळ्यांना ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा लेख.

मोजदाद अशी: हंडे ४, घागरी ९, पराती ६, पातेली ८, तांबे १०, कलश २, घंगाळ १ आणि मायबहिणी डोक्यावर घेऊन चालतात ते पितळी तुळशीवृंदावन १. हंडे, घागरी आणि घंगाळ तांब्याचं. पराती आणि बरीचशी पातेली पितळेची. पितळ म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेलं, म्हणून त्याचा रंग पिवळा.

यातला बराचसा माल पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतला, असं आमचे आजोबा सांगायचे. माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री भवानी पेठेत असते. त्या मुक्कामात जुनी मंडळी चालत कसब्यात जायची. नवं भांडं घ्यायचं, जुन्याचं बूड बसवून घ्यायचं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पालखीबरोबर दिवेघाटाची वाट धरायची. तांबट आळीतले कारागीर त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईत त्यांचे पूर्वज कोकणातून पुण्यात आले. तेव्हा दरबाराची कामं असत, नाणी, शिक्के असली. १८१८ साली पेशवाई बुडाली, दरबार गेला, आणि हात घरच्या भांड्यांकडं वळले. पाण्याचा बंब, घंगाळ, हंडा, घागर. आमच्या लहानपणी आम्ही आजोबांचं बोट धरून त्या आळीत गेलो आहोत. आळी दिसायच्या आधी ऐकू येते. दहा घरांत दहा हातोड्या, पण एकमेकीत न मिसळणाऱ्या, जशा चांगल्या दिंडीतल्या टाळा.

आता भांडं होतं कसं ते सांगतो. तांब्याचा गोल पत्रा कापायचा. जमिनीत पक्कं लाकूड पुरलेलं, त्यात लोखंडी दांडा ठोकलेला, त्या दांड्याच्या टोकावर पत्रा धरून ठोकत ठोकत वाटीसारखा वळवायचा. तांब्याचा स्वभाव असा की ठोकलं की ते कडक होतं, जास्त ठोकलं तर चिरतं. म्हणून मधेमधे भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं. पुन्हा मऊ. पुन्हा ठोकायचं. एका घागरीला असं कितीदा तरी करावं लागतं. घागरीचा खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा. दोन्हींच्या कडांना कातरून दात पाडायचे, दात एकमेकांत बसवायचे, टाकणखार लावून पितळेच्या झाळणानं जोड झाळायचा. आपल्या घागरींच्या पोटावर बोट फिरवून बघा, दातांची ती ओळ हाताला लागते. मशिनच्या भांड्याला ती नसते.

शेवटचं काम मठारण्याचं. हातोडीचं तोंड आरशासारखं घासून गुळगुळीत केलेलं असतं. त्या हातोडीनं भांड्यावर ओळीनं, गोल फिरवत, एकाला एक लागून ठोके मारायचे. प्रत्येक ठोक्याचा एक चमकता ठिपका उठतो. बघणाऱ्याला वाटतं नक्षी काढली. नक्षी तर आहेच, पण त्या ठोक्यांनीच पत्रा ताठ होतो, भांडं लवकर चेपत नाही. शोभा आणि मजबुती एकाच ठोक्यात. खडी ठेवून मारत नाहीत, खूण करून मारत नाहीत, नजरेनं मारतात, आणि एक ठोका चुकला तर तो कायमचा दिसतो. मोठ्या हंड्यावरचे ठोके आम्ही मोजायला बसलो होतो. एका वितीतच इतके निघाले की पुढं मोजणं सोडून दिलं.

कलशांवरचं आणि वृंदावनावरचं काम निराळं. त्यात पाकळ्या आहेत, वेल आहे. भांड्याच्या आत राळ वितळवून भरायची, ती थिजली की बाहेरून बारीक छिन्नीनं पाकळी उठवायची. आत राळेचा आधार असतो म्हणून पत्रा फाटत नाही. काम झालं की भांडं तापवून राळ काढून टाकायची. आधार होता हे नंतर कुणाला कळतसुद्धा नाही. दिंडीत असे आधार पुष्कळ होऊन गेले, त्यांच्याकडं आम्ही पुढं येतोच.

भांडं घेताना आजोबा वाजवून घ्यायचे. बोटाच्या पेरानं एक टिचकी, आणि कान लावून. कुठं चीर असली तर आवाज मधेच बसतो. गोरोबाकाकांनी तेरला संतांची मांदियाळी जमली तेव्हा थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं, आणि कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, ही कथा आपण सगळेच कीर्तनात ऐकतो. कुंभार असो की तांबट, पारख कानानं होते.

तांब्या-पितळेत आंबट शिजवलं तर अन्न कळकतं, म्हणून आतून कल्हई. पाण्याच्या घागरीला ती लागत नाही, आमटीच्या हंड्याला लागतेच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचं. कथील २३२ अंशाला वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात, हे आम्हाला गावच्या गुरुजींनी सांगितलं. म्हणून तांबं जागचं हलत नाही आणि कथील मात्र त्याच्यावर पाण्यासारखं पसरतं. काळं झालेलं भांडं क्षणात चांदीसारखं होतं. आमची पोरं हे बघायला शाळा बुडवायची.

आता मुख्य गोष्ट.

आपल्या दिंडीची जुनी वही आहे. पहिल्या काळातली पानं वाळवीनं थोडी खाल्ली आहेत, पण वाचता येतात. त्यात वीणेकरी कोण, मृदंगी कोण, चोपदार कोण, भिशी कुणी किती दिली, सगळं आहे. ती वही आम्ही पहिल्या पानापासून वाचली. त्या जुन्या पानांत बाईचं एकही नाव नाही. डोक्यावर वृंदावन घेऊन ज्या चालल्या, पहाटे दोनला उठून ज्यांनी तीनशे माणसांच्या भाकरी थापल्या, त्यांच्यातली एकही नाही. कुणी मुद्दाम वगळलं असं आम्ही म्हणत नाही. तेव्हाची रीतच तशी होती.

पण भांड्यांवर नावं घातलेली आहेत. पूर्वी तांबट दाभणासारख्या टोच्यानं टिंब टिंब मारून नाव घालायचा. ४१ भांड्यांपैकी १९ भांड्यांवर नाव सापडलं. त्यातली ६ पुरुषांची. १३ बायकांची.

एका परातीवर सुनेनं सासूच्या स्मरणार्थ म्हणून घातलंय. एका घागरीवर बाईचं नाव आहे आणि पुढं नवऱ्याचं नाही, माहेरच्या गावाचं आहे. जुन्या माणसांना विचारलं तेव्हा कळलं, लहानपणीच कपाळ उजाड झालेली ती बाई, जन्मभर भावाच्या घरी राहिली आणि दरसाल वारी केली. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, वहीत नाही, देवळाच्या पाटीवर नाही. जगात एकाच जागी आहे, आपल्या घागरीच्या गळ्याखाली. ही नावं आम्ही इथं लिहीत नाही, ती पुढच्या पानांवरच्या फोटोत आपापल्या डोळ्यांनी वाचावीत.

१९७२ च्या दुष्काळात घराघरातलं तांबं-पितळ मोडीत गेलं. आम्ही तेव्हा लहान, आई खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची. आमच्या घरातलं सुद्धा घंगाळ तेव्हाच गेलं. दिंडीची भांडी मात्र कुणी हलवली नाहीत. जिनं मोठा हंडा दिला होता त्या म्हातारीच्या घरातली चुलीवरची पातेली सुद्धा विकली गेली होती. लोक तिला म्हणाले, तुझाच हंडा आहे, घेऊन जा, चार पोती धान्य येईल. ती म्हणाली, दिला तेव्हाच माझा राहिला नाही. तोच हंडा त्या उन्हाळ्यात मठाच्या दारात पाण्यासाठी ठेवला होता. टँकर आला की आधी हंडा भरायचा आणि मग त्यातून वाटप व्हायचं.

पुढं जर्मनची भांडी आली, मग स्टील आलं. स्टीलला कल्हई नको, घासायला सोपं, वजनाला हलकं. भांडी घासणाऱ्या मुलांची तक्रार खोटी नाही. तांब्याचा हंडा टेंपोत चढवायला चौघं लागतात, आणि कल्हईवाला आता चार गावं धुंडाळली तरी सापडत नाही. २०२० आणि २०२१ साली रोगामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. ती दोन वर्षं भांडी कोठीत पडून हिरवी पडली. तेव्हापासून ती बाहेर निघाली नाहीत, ती परवा फोटोसाठी निघाली.

फोटोचं काम सोपं वाटलं होतं, ते तसं निघालं नाही. मठारलेलं तांबं म्हणजे हजार लहान आरसे. उन्हात ठेवलं की नुसती तिरीप, आणि मधोमध फोटो काढणाऱ्याचंच तोंड. मग त्या मुलानं भांडी मांडवाच्या सावलीत घेतली. दोन्ही बाजूंनी आमची पांढरी धोतरं बांधली. उजेड समोरून नको, एका अंगानं हवा, तेव्हा ठोके आणि अक्षरं उठून दिसतात. प्रत्येक भांड्याशेजारी एक टाळ ठेवला, म्हणजे भांडं केवढं ते बघणाऱ्याला कळावं. बूड आणि आतली बाजू सुद्धा घेतली. दुकानातलं औषध लावू दिलं नाही. चिंच आणि राख, बस्स. आणि नावावर जास्त घासायचं नाही, कारण शंभर वर्षांच्या घासण्यानं आधीच अर्धी अक्षरं पुसट झालीत.

काही नावं तरीही लागेनात. तेव्हा आमच्या मंडळीनं बुक्का आणला. अक्षरावर बुक्का चोळायचा आणि वरून कोरड्या फडक्यानं पुसायचं. टिंबांत बुक्का बसतो, अक्षर काळं होऊन वर येतं. अशी ५ नावं निघाली. तिथं उभी असलेली एक बाई आपल्या आजीचं नाव वाचून गप्प झाली. मग तिनं बोट टेकवलं आणि तोच बुक्का कपाळाला लावला.

फोटोवाल्या मुलानं एक नवल सांगितलं. १८३९ साली फ्रान्स देशात फोटोची जी पहिली रीत जाहीर झाली, ती कागदावरची नव्हती. तांब्याच्या पत्र्याला चांदीचा मुलामा द्यायचा, तो घासून आरसा करायचा, आणि त्यावर चित्र उतरायचं. म्हणजे माणसाचा चेहरा पहिल्यांदा धरून ठेवला तो सुद्धा तांब्यानंच. आमच्या घागरीनं तेच केलं, फक्त चेहऱ्याच्या जागी नाव धरलं.

फोटो चांगले आले आहेत, पण फोटोला टिचकी मारली तर तो वाजत नाही. त्यात पाणी गार होत नाही, आणि पंगतीला तो वाढता येत नाही. मोडवाला तांबं किलोवर घेतो, नावाचे वेगळे पैसे देत नाही. भट्टीत सगळ्यात आधी जातं ते नावच, कारण ते वरवर टिंबांचं असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. स्टीलची भांडी जरूर घ्यावीत, मुलांचे हात वाचावेत. ज्यांची बुडं फाटलीत आणि ज्यांवर नाव नाही अशी ७ भांडी आहेत, ती मोडीत घालायला आमची हरकत नाही. नावाची १९ भांडी आणि वृंदावन कोठीतच राहावं. त्यातला मोठा हंडा आणि निदान दोन घागरी दरसाल वारीत न्याव्यात. पुण्याच्या मुक्कामात तांबट आळीत हातोड्या अजून वाजतात, तिथं बूड बसवून मिळेल, कल्हईची सोय होईल. खर्चाचा प्रश्न आहे, तर यंदाच्या कीर्तनाची आमची बिदागी आम्ही कल्हईला देतो.

आणि एक विनंती. फोटोतली नावं घरी वाचून दाखवा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्या घरची आजी, पणजी असेल त्यांनी एकादशीच्या बैठकीला यावं. वहीत मागची पानं कोरी आहेत. भांडी मोडायची का ठेवायची हे ठरायच्या आधी ती १३ नावं आम्हाला त्या पानांवर लिहून घ्यायची आहेत.

रामकृष्णहरी.