मणक्यातला पू: सुरी, गोळी आणि सुई

त्र्यंबकेश्वर तालुक्यातले आदिवासी मजूर हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. वाकून काम करणाऱ्याची पाठ दुखायचीच, असं सगळे धरून चालतात आणि मणक्याचा टीबी नेमका तिथेच लपतो. तेल चोळून, शेक देऊन महिने निघतात. मग एखाद्याच्या जांघेत गाठ येते. ती लालही नसते, गरमही लागत नाही. मणक्यातला पू कमरेच्या आतल्या स्नायूतून उतरत तिथवर आलेला असतो. डॉक्टर त्याला ‘थंड गळू’ म्हणतात.

या गळवाचं करायचं काय, हा वैद्यकाचा जुना पेच. पाठीचं पोक आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये मांडला. पण गळू मोठा छेद घेऊन उघडलं की जखम चिघळायची आणि रोगी दगावायचा. म्हणून जॉन अ‍ॅबरनेथी कातडीतून तिरकी, छोटी वाट काढत; हवा आत शिरू नये, एवढाच त्यांचा हेतू. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक अ‍ॅसिड वापरून अशी गळवं उघडली. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. औषध मात्र नव्हतंच. 1887 मध्ये आनंदीबाई जोशी क्षयानं गेल्या, त्या स्वतः डॉक्टर असूनही.

महाराष्ट्रात तेव्हा भिस्त होती ती हवा, आहार आणि विश्रांती यांवर. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये पाचगणीत बेल एअर आरोग्यधाम काढलं. मिरजेजवळ वानलेसवाडीतही क्षयरोग्यांची सोय झाली. त्या काळात मणक्याचा रोगी प्लास्टरच्या साच्यात महिनोन्महिने पडून असे.

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि चित्र पालटलं. औषधाच्या भरवशावर सर्जन धीट झाले. 1956 मध्ये हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूनं मणक्यापर्यंत जाऊन सडलेलं हाड काढण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली. पुढे कोरिया आणि मद्रास इथल्या चाचण्यांत दिसलं, की बरेच रोगी हिंडत-फिरत गोळ्या घेऊनही बरे होतात. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 1975 मध्ये मधला मार्ग सांगितला: औषध सर्वांना, शस्त्रक्रिया गरज असेल त्यालाच.

सुईला जागा मिळाली ती या मधल्या मार्गावर. सीटी स्कॅनच्या टेबलावर रोगी पालथा झोपतो, कातडी बधिर करतात. पडद्यावर पाहत सुई गळवात जाते, तिच्यातून बारीक तार, तारेवरून नळी. आत गेल्यावर नळीचं टोक गोल वळतं, त्यामुळे ती निसटत नाही. पू पिशवीत उतरत राहतो. सुई निरोगी कातडीतून, तिरक्या वाटेनं घालायची, म्हणजे तिथे वाहती जखम राहत नाही, हे आजही शिकवतात. अ‍ॅबरनेथींची वाट ती हीच. काढलेल्या पुवाची तपासणी होते; जंतू कोणता, कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्यातून कळतं.

पण नळीनं फक्त पू निघतो, रोग जातो तो गोळ्यांनीच. मणक्याच्या टीबीला किमान वर्षभर औषध लागतं. पायातली ताकद झपाट्यानं जात असेल किंवा मणका ढासळला असेल, तर आजही मोठी शस्त्रक्रियाच करावी लागते.

त्र्यंबकहून नाशिक तीसेक किलोमीटरवर आहे. पाठ काही आठवडे दुखतेय, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, असं घरात कुणाचं असेल तर तेल चोळत बसू नका, दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.