मंद गतीचा अग्निगोल

वाईकडून खंबाटकीचा घाट उतरला कीं खंडाळ्याचा मुलूख लागतो. एकोणिसाव्या शतकांत हा पेटा वाई तालुक्यांतच मोडत असे. त्या तालुक्यांत १८७९ सालीं आकाशांतून एक दगड पडला. उल्कापाषाणांच्या जागतिक सूचींत तो 'कलुंबी' या नांवानें नोंदलेला आहे. दगड हातीं लागला, म्हणून त्याची नोंद राहिली. परंतु ज्यांनीं केवळ सरकती ज्योत पाहिली, त्यांच्या साक्षीचें मोल काय?

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांचीं शुभाशुभ फळें बाजूस ठेवलीं, तरी आकार, शेपूट, आवाज यांकडे कोणीतरी नीट पाहिलें होतें हें उघड आहे. युरोपांतील बहुतेक विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आकाशांतून दगड पडतात हें म्हणणें खेडवळांची भाकडकथा समजत. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्रीं काशीजवळील क्राखुत गांवीं निरभ्र आकाशांत मोठा अग्निगोल दिसला, मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि दगड पडले. १८०२ सालीं हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञानें ते दगड इंग्लंड, इटली व बोहेमिया येथील तशाच दगडांशीं ताडून पाहिले. सर्वांत निकेल सांपडलें. खेडुतांचें म्हणणें खरें ठरलें खरें, पण तें प्रयोगशाळेच्या शिफारशीवर!

पुढें अशी शिफारस नसतांही साक्ष मानावी लागली. ९ फेब्रुवारी १९१३ च्या रात्रीं कॅनडांत तेजस्वी गोळ्यांची एक रांगच्या रांग, जवळजवळ क्षितिजाला समांतर, संथपणें सरकत गेली. सबंध मिरवणूक सरण्यास कांहीं मिनिटें लागलीं. टोरोंटोचे प्राध्यापक चँट यांनीं ठिकठिकाणच्या लोकांचीं पत्रें गोळा केलीं. एकही दगड मिळाला नाहीं. पण सर्वांनीं एक गोष्ट आवर्जून लिहिली होती, ती म्हणजे गति मंद होती. त्या काळीं कृत्रिम उपग्रह नव्हते. पहिला उडाला तो १९५७ सालीं. तेव्हां हे तुकडे कांहीं काळ पृथ्वीभोंवतीं फिरून मग खालीं आले असावेत, असा तर्क पुढें शास्त्रज्ञांनीं बांधला.

या मंदपणाला एवढें महत्त्व कां? अवकाशांतून येणारी उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरते. हा वेग ७२ पर्यंतही जातो. सामान्यतः दोनचार सेकंदांत सारा खेळ आटोपतो. पृथ्वीभोंवतीं फिरणारी वस्तु मात्र सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या वेगानें, अगदीं तिरप्या मार्गानें खालीं येते. म्हणून ती मिनिटभर वा अधिक काळ जळतांना दिसते.

२ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास, विदर्भ-खानदेशांतील असंख्य लोकांनीं असेंच दृश्य पाहिलें. पहिल्या बातम्यांनीं त्यास उल्कापात म्हटलें. परंतु ज्योतींची संथ चाल आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा अपेक्षित मार्ग यांचा मेळ बसला. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवाजवळ त्याच सायंकाळीं धातूचें सुमारें तीन मीटर व्यासाचें कडें पडलेलें आढळलें. ते पुढें पोलिस ठाण्यांत नेऊन ठेवण्यांत आलें, आणि आसपासच्या गांवांत धातूचे गोळेही सांपडले.