रेडिओ झोतांचे परांचन आणि जुळी कृष्णविवरे

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांतून निघणारे रेडिओ झोत काही ठिकाणी सरळ न जाता वळलेले किंवा पिळलेले दिसतात. झोताची दिशा कालांतराने बदलत गेल्याचे हे लक्षण असू शकते. त्यामागे परस्परांभोवती फिरणारी दोन महाकाय कृष्णविवरे असावीत, ही कल्पना १९८० मध्ये मिचेल बेगेलमन, रॉजर ब्लँडफर्ड आणि मार्टिन रीस यांनी मांडली. तिचा पडताळा घेण्याच्या प्रयत्नांत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा मोठा वाटा आहे.

भोवऱ्याचा वेग मंदावू लागला की त्याचा अक्ष डोलत शंकूच्या आकारात फिरतो. या गतीला परांचन म्हणतात. पृथ्वीचा अक्षही सुमारे २६ हजार वर्षांत असा एक फेरा पूर्ण करतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ या ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्यासाठी याच गतीचा आधार घेतला होता. झोताच्या बाबतीत पाण्याच्या नळीचे उदाहरण घेता येईल. नळी गोल फिरवली तर पाण्याचा प्रत्येक थेंब आपल्या दिशेने सरळच जातो, परंतु एकूण धार मात्र पिळलेली दिसते. आपल्या आकाशगंगेतील एसएस ४३३ या ताऱ्याचे झोत सुमारे १६२ दिवसांत असा फेरा घेतात. दीर्घिकांच्या बाबतीत हा काळ हजारो, लाखो वर्षांचा असू शकतो. त्यामुळे तेथे हालचाल पाहता येत नाही, तिच्या खुणाच वाचाव्या लागतात.

दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांची कृष्णविवरे नव्या दीर्घिकेच्या केंद्राकडे सरकतात आणि त्यांची जोडी बनते. कक्षेचे प्रतल आणि कृष्णविवराचा अक्ष जुळत नसल्यास अक्षाचे, व त्यासोबत झोताचे, परांचन होते. पुढे दोन्ही कृष्णविवरे एकरूप झाल्यास अक्ष एकाएकी नव्या दिशेला वळू शकतो. इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारख्या दिसणाऱ्या रेडिओ दीर्घिकांचे असेच स्पष्टीकरण डेव्हिड मेरिट आणि रॉन एकर्स यांनी २००२ मध्ये दिले.

हे स्पष्टीकरण खरे असेल तर ‘एक्स’च्या दोन भुजांपैकी एक जोडी जुनी असावयास हवी. जुन्या भागातील अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन आधी निस्तेज होतात, त्यामुळे तो भाग उच्च कंप्रतेला मंद दिसतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जाळ्याने, धरमवीर लाल आणि ए. प्रमेश राव यांनी हे तपासले. थ्रीसी २२३.१ या दीर्घिकेत २००५ मध्ये त्यांना नेमके उलट आढळले: जुन्या मानलेल्या भुजाच तरुण दिसल्या. मग दोन कृष्णविवरांतून झोतांच्या दोन स्वतंत्र जोड्या निघत असाव्यात काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

त्याच केंद्रातील प्रीती खर्ब यांनी लाल आणि मेरिट यांच्यासह २०१७ मध्ये एनजीसी ७६७४ या दीर्घिकेविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेचे झोत ‘झेड’ अक्षरासारखे वाकलेले आहेत. केंद्रस्थानी जेमतेम एक प्रकाशवर्ष अंतरावर दोन रेडिओ बिंदू आढळल्याचे या चमूने सांगितले. कक्षेचा काळ सुमारे एक लाख वर्षे असावा, असा अंदाज होता. मात्र २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने केलेल्या फेरतपासणीत या बिंदूंना दुजोरा मिळाला नाही. तुलनेने भक्कम उदाहरण आहे ते २००६ मध्ये जाहीर झालेल्या फोरसी ३७.११ या दीर्घिकेचे. तेथील दोन रेडिओ केंद्रांमध्ये सुमारे २४ प्रकाशवर्षांचे अंतर आहे.

वाकलेला झोत हा जोडीचा पुरावा ठरत नाही, ही यातील खरी अडचण होय. एम ८७ या दीर्घिकेचा झोत सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाने डोलतो, असे २००० ते २०२२ या काळातील निरीक्षणांवरून २०२३ मध्ये दाखविण्यात आले. त्यासाठी जोडीदाराची गरज भासली नाही. एकट्या फिरत्या कृष्णविवराभोवतीची तिरपी चकती पुरेशी ठरली. पीकेएस २०१४-५५ या ‘एक्स’ दीर्घिकेच्या भुजाही मागे परतणाऱ्या वायुप्रवाहाने घडल्या असाव्यात, असे दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीच्या २०२० मधील प्रतिमांवरून दिसते.

जोड्यांच्या अस्तित्वाचा वेगळा सुगावा स्पंदकांकडून मिळाला आहे. जून २०२३ मध्ये जगभरातील अनेक गटांनी एकाच वेळी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. त्यांत युरोपीय गटासोबत खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे वापरणारा भारतीय गटही होता. असंख्य महाकाय जोड्यांच्या एकत्रित लहरींशी हे निष्कर्ष सुसंगत आहेत; परंतु त्यांवरून कोणत्याही एका दीर्घिकेकडे बोट दाखविता आलेले नाही.