ज्याला माफी नाही

भांडण भूत उतरवण्यावरून झालं. येशू लोकांची भुतं काढतो, हे यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांना नाकारता येईना. म्हणून ते म्हणाले, याच्या अंगात बालजबूल आहे, भुतांच्या राजाच्या जोरावर हा भुतं काढतो. येशूने सुनावलं की बाकी सगळ्या पापांना क्षमा आहे, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला नाही. (‘दुर्भाषण’ हा मराठी पवित्र शास्त्रातला शब्द मला जरा सौम्य वाटतो, शाळेत छडी मिळावी एवढाच तो गुन्हा वाटतो.) शुभवर्तमान लिहिणारा मार्क लगेच कारणही देतो: शास्त्री तसं बोलले म्हणून. रोख होता तो डोळ्यांदेखत झालेलं चांगलं काम सैतानाच्या नावावर टाकणाऱ्या विद्वानांवर. त्यांची झोप उडाल्याची नोंद नाही.

पुढे कशाला माफी नाही हा प्रश्न चर्चच्या दारात आला. सन 250 मध्ये सम्राट डेसियसच्या हुकमाने सर्वांना रोमच्या देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. कित्येक ख्रिस्ती डगमगले. काहींनी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परतले, तेव्हा रोममधला नोव्हाशियन म्हणाला, यांना क्षमा देणं चर्चच्या हातात नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र कठोर प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घ्यायला तयार झाला. चर्च त्याच बाजूने गेलं.

धर्मपंडित ऑगस्टीनला येशूचं ते वचन फार अवघड वाटे. त्याने काढलेली वाट अशी: हे पाप म्हणजे मरेपर्यंत पश्चात्ताप न करणं. क्षमा अडते ती तिला नाकारणाऱ्यापाशी. कॅथलिक शिकवण आजही साधारण हेच सांगते.

तरी भ्यायचे ते भ्यालेच. इटलीतला वकील फ्रांचेस्को स्पिएरा याने 1548 मध्ये धर्मन्यायासनाच्या धाकाने आपली प्रोटेस्टंट मतं जाहीरपणे सोडली आणि आपल्याला आता क्षमा नाही, असं घोकत त्याच वर्षी प्राण सोडला. त्याची कहाणी युरोपभर छापली गेली.

ती इंग्लंडमध्ये जॉन बनियनच्या हाती पडली. भांड्यांना कल्हई-डाग देणारा हा माणूस. ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असं मनात सारखं घुमायचं, आणि एका सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या, जायचं तर जाऊ दे त्याला, असा विचार चाटून गेला. एवढंच. तेवढ्यावर त्याने दीर्घकाळ तळमळत काढला. 1666 च्या आत्मकथनात तो लिहितो की शेवटी धीर करून एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थाला विचारलं, माझ्याकडून तेच पाप घडलं असं मला वाटतं. म्हातारा म्हणाला, मलाही तसंच वाटतं.