दुवा जोडण्याचा अधिकार

ग्रंथ वाचताना एखाद्या शब्दापाशी शंका आली, तर पूर्वी उठून दुसरा ग्रंथ शोधावा लागे. आज पडद्यावरील त्या शब्दाला बोट लावताच दुसरा मजकूर, चित्र वा गाणे पुढ्यात येते. यात जादू काही नाही. शब्दामागे पत्ता लिहून ठेवलेला असतो. आपला संगणक त्या पत्त्यावरील संगणकाकडे मागणी करतो आणि तो प्रत धाडतो. या जोडणीला दुवा म्हणतात. प्रश्न एवढाच की, हा दुवा जोडायचा कोणी?

1945 साली अमेरिकेत व्हॅनिव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ या यंत्राची कल्पना मांडली. सूक्ष्मचित्रफितीवरील कागदपत्रे वाचकाने आपल्या विचाराप्रमाणे स्वतः जोडावीत, हा तिचा गाभा. ते यंत्र कधी बनले नाही. कल्पना मात्र टिकली. 1965 साली टेड नेल्सन यांनी अशा लेखनाला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस हाती धरून दुवे प्रत्यक्ष चालवून दाखविले.

पुढे 1989 साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळ्याची योजना मांडली. नेल्सन यांना दुवा दोन्ही टोकांना ठाऊक असलेला हवा होता. बर्नर्स-ली यांनी तो एकमार्गी ठेवला. त्यामुळे मजकूर हलला की दुवा तुटतो, हा तोटा खरा. परंतु दुसऱ्याच्या लेखनाशी आपले लेखन जोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही, हा लाभ त्याहून मोठा. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने त्या सॉफ्टवेअरवरील आपला हक्क सोडला आणि ते सर्वांना विनामूल्य खुले केले.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बर्नर्स-ली यांनी 1990 साली केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचता येई, तसेच लिहिताही येई. 1993 साली आलेल्या ‘मोझेक’ने जाळे लोकप्रिय केले, पण त्यात लेखणी नव्हती. गिरणीच्या फाटकावरील नोटीस कामगाराने वाचावी, तीवर लिहू नये, तसाच हा प्रकार. पुढे लेखणी परत मिळाली. पण बहुतेकांना ती मोठ्या कंपन्यांच्या अंगणात, त्यांच्या अटींवर. दुवा जोडण्यास परवानगी लागत नाही, हा अधिकार मोठा आहे. तो वापरणाऱ्यांचाच राहतो.